मशीनला सांगायचं राहून गेलं

८ जानेवारी

नव्या वर्षाची डायरी आठवडाभर कोरीच राहिली. लिहायला काही नव्हतं असं नाही, बसायला टेबल नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सध्या मराठी स्नेहमंडळाचा शताब्दी सोहळा पसरलेला आहे आणि तो आवरायचा नाही अशी विलासची सक्त ताकीद आहे. (वहीत मी त्यांना विलास म्हणते. समोर ‘अहो’.)

विलास ज्या दिवशी बँकेतून निवृत्त झाले त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाचे कार्यवाह झाले. मधे एक दिवसही सुट्टी घेतली नाही. मंडळ म्हणजे आमच्या फ्रीगंज भागातला एक हॉल, एक वाचनालय आणि घराण्यांच्या नोंदी. शिंद्यांच्या चाकरीत आलेली घराणी, मागाहून रेल्वे, बँका, शाळा यांच्या नोकरीत आलेली आमच्यासारखी माणसं, अशी एकूण तीनशे बारा कुटुंबं. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं वह्यांत लिहिलेलं होतं. होतं म्हणायचं, कारण वह्यांना वाळवी लागली तेव्हा सगळी माहिती टाइप करून, फोटो आणि पत्रिकांसकट एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरली, आणि उरलेल्या वह्यांचं काय करायचं हा प्रश्न समितीपुढे आला. रद्दीत देणं म्हणजे सरस्वतीचा अपमान. अध्यक्ष अण्णा, वय त्र्याऐंशी, म्हणाले, विसर्जन करू. मग दहा-बारा पुरुष अनवाणी रामघाटावर गेले, नारळ फोडला, आणि शंभर वर्षांच्या वह्या शिप्रेत सोडून दिल्या. तिथल्या पाटीवर नदीत निर्माल्य टाकू नये असं लिहिलेलं आहे. पण वह्या म्हणजे निर्माल्य नव्हे, असं विलासचं म्हणणं पडलं.

आता सगळा भार त्या कॉम्प्युटरवर, आणि तो इतका हळू चालतो की अण्णांचं घराणं उघडेपर्यंत अण्णांचा चहा पिऊन होतो. वसंत पंचमीला शताब्दी आहे. पुण्याहून, ग्वाल्हेरहून लोक येणार, मोठ्या पडद्यावर प्रत्येकाला त्याचं घराणं दाखवायचं, अशी विलासची कल्पना. या वेगाने तीनशे बारा घराणी दाखवायची तर पाहुण्यांना होळीपर्यंत ठेवून घ्यावं लागेल.

म्हणून अश्लेषाला बोलावलंय. आमच्या मुलाची, अभिजीतची, होणारी बायको. माहेर देवासचं, नोकरी इंदूरला, कॉम्प्युटरमधलीच. लग्न सोळा फेब्रुवारीला आहे.

१२ जानेवारी

अश्लेषा सकाळच्या बसने देवास गेटच्या स्टँडवर उतरली ती थेट मंडळातच गेली. मी पोहे घेऊन पोचले तोवर तिने मशीनचं पोट उघडून बघितलं होतं.

तिचं म्हणणं मला चक्क कळलं. डिस्क लहान, माहिती मोठी, म्हणून कुणीतरी सगळं दाबून, घड्या घालून भरलंय. एखादं घराणं मागितलं की मशीन ती घडी उलगडतं, दाखवतं आणि उलगडलेलं टाकून देतं. पुढच्या मिनिटाला तेच घराणं मागा, पुन्हा पहिल्यापासून उलगडणं.

मला आमचा होल्डॉल आठवला. बाबा रेल्वेत, दर सुट्टीत रतलामहून आजोळी जायचो. खाकी कापडाचा तो होल्डॉल, दोन चामडी पट्टे, त्यात पाच माणसांचं अंथरूण. धाकट्या भावाला उशी हवी झाली की बाबा पट्टे सोडायचे, उशी काढायचे आणि शिस्तीत पुन्हा पट्टे आवळायचे. अर्ध्या तासाने मला शाल हवी असायची. शेवटी आई म्हणायची, अहो, राहू द्या ना ते बर्थवर उघडंच. बाबांच्या बुटांच्या पॉलिशचा वास त्या होल्डॉलला यायचा. असो.

मी हे सांगितलं तर पोरगी खूश झाली. म्हणाली, “अगदी हेच करायचंय काकू. मशीनची मेमरी रिकामी पडून आहे. एकदा उलगडलेलं तिथेच पसरून ठेवायचं. पुन्हा कुणी मागितलं की डिस्ककडे जायचंच नाही.”

मी विचारलं, गाडीतून उतरायची वेळ आली की? ती म्हणाली, मशीन बंद केलं की मेमरीतलं सगळं जातं. डिस्कवर जे असेल ते राहतं.

याला कॅश मेमरी म्हणतात. हा शब्द ऐकताच विलास खुर्चीतून पुढे सरकले. कॅश त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळली आहे. मी त्यांना सांगितलं की हा तो शब्द नव्हे, हा मूळचा फ्रेंच, लपवून ठेवणं असा काहीसा अर्थ, आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी सांगितला होता. ते म्हणाले, एकूण एकच.

ती कामात होती तेव्हा मी तिच्याकडे बघत बसले. माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती इथेच लिहून ठेवते. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं माहेरचं नाव ईरा. बाबांनी हौसेने ठेवलेलं. शाळेत सिस्टर ते इतक्या मऊ आवाजात उच्चारायच्या की हजेरीलासुद्धा प्रार्थनेसारखं वाटायचं. पंच्याऐंशी साली तांदळात विनोदिनी झाले. सासूबाईंना विलासशी जुळणारं हवं होतं. त्याचं पुढे विनू झालं, आणि पोस्टमन आजवर विनोद नावाच्या माणसाची पत्रं म्हणून माझी पत्रं देतो.

तर मी ठरवलंय, सुनेला ईरा हे नाव द्यायचं. मला जपून ठेवता आलं नाही, निदान घरात तरी येईल. अभिजीतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तू आणि ती बघा. मुलगा बापावर गेलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. ग्वाल्हेरहून वन्संचा फोन. प्रतिभावन्सं म्हणजे विलासची थोरली बहीण. तिळगूळ घ्या म्हणाल्या आणि लगेच मुद्द्यावर आल्या. आश्लेषा नक्षत्राची मुलगी सासूला वाईट असते, हे मला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, वन्सं, तिचं नक्षत्र रोहिणी आहे, नाव तेवढं अश्लेषा. तिच्या वडिलांनी, श्रीनाथरावांनी, अर्थ आवडला म्हणून ठेवलं. आश्लेष म्हणजे मिठी.

वन्सं म्हणाल्या, “मिठीच म्हणते मी. गळ्याला पडली म्हणजे?”

मी असल्या गोष्टी मानत नाही. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढून मानणार तरी कशी? पण नाव बदलायला घरच्यांना एक कारण मिळालं, तेवढी सोय झाली.

१९ जानेवारी

चाललं. अण्णा पाहायला आले, खास कोट घालून. अश्लेषाने सगळी तीनशे बारा घराणी आधी एकदा उलगडून मेमरीत पसरून ठेवली होती. तिने बटन दाबलं आणि अण्णांच्या हातातला चहा तोंडापर्यंत जायच्या आत त्यांचे पणजोबा पडद्यावर आले.

“अरे वा! बेटा, हा तर एकदम फटाफट देऊन राहिला,” अण्णा म्हणाले, आणि खालच्या पिढ्यांपर्यंत न जाताच त्यांनी आमचं घराणं मागितलं. तेही अर्ध्या सेकंदात आलं. विलास, पत्नी ईरा.

अण्णांनी चष्मा पुसला. विलासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून विचारलं, “ये ईरा कोण? आपल्याला कधी सांगितलं नाहीस ते?”

झालं होतं असं की जुन्या वह्यांत लग्नाच्या दिवशी नवरीचं जे नाव सांगितलं गेलं ते लिहिलेलं असायचं, म्हणजे माहेरचं. टाइप करणाऱ्याने तेच उतरवलं. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. शताब्दीत पाहुण्यांसमोर घराघरात अशा अनोळखी बायका निघाल्या तर काय दिसेल? समितीने उभ्याउभ्याच ठरवलं की एकसूत्रता म्हणून सगळीकडे सासरचं नाव टाकायचं. विलास घरी बसून बदलून आणतील.

अश्लेषा दोनच गोष्टी बोलली. जुनी नावं कुठे ठेवायची? विलास म्हणाले, कशाला ठेवायची? मग ती म्हणाली, बरं, पण काका, डिस्कवर बाहेरून काही बदललंत तर मशीनला सांगावं लागेल. नाहीतर ते मेमरीत पसरलेलंच दाखवत बसेल; त्याला वाटेल काही बदललेलंच नाही. बदललं की मला सांगा, मी करते.

विलासनी हात हलवला. बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा ही मुलगी जन्मलेली नव्हती, असं घरी येताना तीन वेळा म्हणाले.

२२ जानेवारी

तीन दिवस नावं बदलण्याचं काम. पेनड्राइव्हवर यादी घरी आणलीय. मी वाचून दाखवते, विलास टाइप करतात. अर्ध्या बायकांची सासरची नावं समितीतल्या कुणालाच माहीत नाहीत, ‘अमक्याची आई’ एवढंच ठाऊक, म्हणून मला विचारतात. मला सगळ्या माहीत आहेत. सदतीस वर्षं हळदीकुंकवाच्या याद्या मीच करते.

बकुळ खोडलं, लक्ष्मी घातलं. मंजिरी खोडून पार्वती. हिराला विद्या केलं. काही नावं इतकी गोड होती की दोनदा वाचली. विलास म्हणाले, पुढचं.

एकशे सत्त्याऐंशीवर आमचं घर आलं. मी म्हटलं, विनोदिनी. त्यांनी विचारलं, ‘दि’ ऱ्हस्व की दीर्घ? चाळीस वर्षं होतील लग्नाला. मी सांगितलं, ऱ्हस्व.

दुपारी उकडपेंडी केली. छान झाली होती.

२६ जानेवारी

मंडळात झेंडावंदन. विलासनी बदललेली यादी परवाच स्वतः जाऊन डिस्कवर चढवली होती. भाषणात त्यांनी ‘आपण विकसित केलेली कॅश प्रणाली’ असा उल्लेख केला. अश्लेषा मागच्या रांगेत लाडू खात होती.

झेंडावंदनानंतर तिला वाचनालयात नेलं आणि नावाचं सांगितलं. होल्डॉल, बाबा, सिस्टर, सगळं सांगितलं. म्हटलं, दुसरी कुणी सासू असती तर पंचांगातून काढलं असतं, मी तुला माझं देतेय. तिने माझा हात धरला आणि कपाटातल्या पुस्तकांकडे बघत राहिली. मुलींना अशा वेळी भरून येतं.

मग तिने विचारलं, काकांची नावं बदलून झाली का? मी म्हटलं, झाली, चढवलीही. मशीनला सांगितलं का? मी म्हटलं, तुला सांगायचं ते विसरले असतील, मी आठवण करते. तर म्हणाली, “नको काकू, तुम्ही काही बोलू नका. मी बघते.”

जाताना तिने लाल पेनाने कागदावर ‘कृपया हे बटन बंद करू नये’ असं लिहून प्लगवर चिकटवलं. किती काळजी घेते!

२ फेब्रुवारी

वसंत पंचमी. काय झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

हॉल भरलेला. पिवळ्या साड्या, केशरी श्रीखंड, व्यासपीठावर अण्णा. विलासनी प्रणालीचं श्रेय समितीला दिलं आणि समितीचं श्रेय कार्यवाहांना. मग म्हणाले, मान अध्यक्षांचा, पहिलं घराणं अण्णांचं. अश्लेषाने बटन दाबलं.

अण्णा, त्यांचे वडील, आजोबा. आणि अण्णांच्या नावाशेजारी, पत्नी शामला.

अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळे रमाकाकू म्हणायचो. जाऊन अकरा वर्षं झाली. विलास पुढे झाले, जुनी चूक आहे, दुरुस्त केलेलं आहे, पुन्हा उघड, म्हणाले. तिने पुन्हा उघडलं. शामला. तिसऱ्यांदाही तेच, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदात.

अण्णा पडद्याकडे बघत होते. माइक त्यांच्यासमोर चालूच होता, त्यामुळे ते जे स्वतःशी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. “शामी,” ते म्हणाले. “लग्नाआधी पत्र टाकलं होतं एक. त्याच्यावर लिहिलं होतं.” मग खुर्चीत मागे रेलले.

पुढची रांग बायकांची होती. लक्ष्मीकाकू, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, माझं काढ गं. बकुळ निघालं. त्यांची सून म्हणाली, अय्या, आई तुम्ही बकुळ? मग रांगच लागली. ग्वाल्हेरच्या, पुण्याच्या, आमच्या आळीतल्या. आपलं नाव बघायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, शेजारणीला दाखवायचं. घराण्यांचे मूळपुरुष वरच्या ओळीत तसेच ताटकळत राहिले, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. श्रीखंड गरम झालं.

विलास अश्लेषाच्या कानाशी जाऊन म्हणाले, बंद करून चालू कर. ती मोठ्याने म्हणाली, “काका, बंद केलं तर ही नावं जातील. डिस्कवर तुम्ही नवी लिहिली आहेत. जुनी आता फक्त मेमरीत आहेत.”

विलास प्लगकडे निघाले. अण्णा व्यासपीठावरूनच म्हणाले, “विलास, बटनाला हात लावायचा नाही.”

घरी आल्यावर विलास जेवले नाहीत. पोरीने मशीनला सांगायला हवं होतं, म्हणाले. मी म्हटलं, लग्नाची धावपळ आहे, राहून गेलं असेल तिच्या हातून, तुम्ही तिला बोलू नका. तिची बाजू मीच घ्यायला हवी.

माझं नावही आलं पडद्यावर. मी फोटो काढला नाही. मला लांबून दिसत होतं.

४ फेब्रुवारी

वीज मंडळाची सूचना आलीय. गुरुवारी, सहा तारखेला, फ्रीगंजात दुरुस्तीसाठी दहा ते दोन वीज बंद. मंडळाचा इन्व्हर्टर अर्धा तास टिकतो.

अश्लेषाला फोन केला. म्हणाली, मेमरीतलं सगळं एका मिनिटात डिस्कवर उतरवता येईल, मी आत्ता सांगते कसं ते. विलासनी फोन घेऊन सांगितलं, तसं करता येणार नाही. समितीने ठराव करून नावं बदलली आहेत, ती पुन्हा ठराव करूनच बदलतील, आणि सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. अण्णा म्हणाले, नियम तर आहे. नियम एकोणीसशे पंचवीस सालचा, अण्णांच्याच आजोबांनी केलेला. वह्या नदीत सोडताना कुणाला आठवला नव्हता.

मी विचारलं, ठराव नसताना पडद्यावरचं बघून वहीत लिहायला बंदी आहे का? विलासनी नियमावली उघडली. बंदी नव्हती.

५ फेब्रुवारी

आज सकाळी आठपासून आम्ही सव्वीस बायका मंडळात. दोघी दोघींची जोडी, एक वाचणार, एक लिहिणार. अश्लेषा रजा घेऊन आली, एकेक घराणं काढून देत होती. मशीन कुठेही अडलं नाही. अडत होतो आम्हीच, कारण प्रत्येक नावापाशी कुणाला तरी काही आठवायचं.

माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, सुबक, म्हणून मुख्य वही माझ्याकडे. तीनशे बारा घरांतली सहाशेच्या वर नावं. दोन आठवड्यांपूर्वीच मी यातली कितीतरी वाचून दाखवली होती आणि विलासनी खोडली होती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. वाटलं होतं. पण उकडपेंडीची कणीक भाजायची होती, त्यातच तेही भाजून गेलं.

चारच्या सुमाराला आमचं घर आलं. वाचायला अश्लेषाच होती. “विलास, पत्नी ईरा,” तिने वाचलं आणि मी लिहिलं. मग तिने पुढचं घर काढलं नाही.

“काकू, एक विचारू? हे मला दिलंत, तर तुमच्याकडे काय राहील?”

मी म्हटलं, विनोदिनी राहील की.

“ते तुम्हाला आवडतं?”

हे मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, आवडण्याचा प्रश्न नसतो गं, सवय होते. ती म्हणाली, हो. आणि पुढचं घर काढलं.

मला जरा रागच आला. इतक्या प्रेमाने देतेय, तर घ्यावं. घरी येताना रिक्षात सगळा वेळ मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, आणि माझी बाजू मला नीट मांडता येत नव्हती.

६ फेब्रुवारी

दहाला वीज गेली, साडेदहाला इन्व्हर्टर ओरडला, मशीन बंद पडलं. दोनला वीज आली. विलासनी स्वतः बटन दाबलं. अश्लेषाची व्यवस्था चालूच होती, पण मेमरी रिकामी, त्यामुळे पहिल्यांदा उलगडायला जुन्यासारखीच चार मिनिटं लागली.

विलास, पत्नी विनोदिनी.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले.

मुख्य वही माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

१२ फेब्रुवारी

प्रतिभावन्सं ग्वाल्हेरहून आल्या, सोबत तिळाचा गजक आणि मत. त्यांनी गुरुजींना परस्पर फोन करून तीन अक्षरं काढून घेतलीत. मी सांगितलं की नाव माझं ठरलेलं आहे. कुठलं? ईरा. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण अश्लेषापेक्षा बरं म्हणाल्या. निदान सासूच्या जिवाला धोका नाही.

त्यांचं माहेरचं नाव मी वहीत पाहिलं होतं. इथे त्या मालती होत्या. मी सहज हाक मारून बघितली, मालूताई. वन्संनी गजकाचा तुकडा हातात तसाच धरला. मग म्हणाल्या, मुलाबाळांसमोर कसली थट्टा करतेस! तासाभराने स्वयंपाकघरात आल्या आणि आणखी कुणाकुणाची नावं लिहून घेतलीस, विचारू लागल्या.

अश्लेषाचा फोन आला होता. साडीच्या रंगाचं बोलली, नावाचं बोलली नाही. मीही नाही.

१७ फेब्रुवारी

काल लग्न झालं. पाय सुजलेत, मन जाग्यावर आहे.

जेवणं उरकल्यावर लक्ष्मीपूजन. चांदीचं ताट, त्यात तांदूळ, अभिजीतच्या हातात अंगठी. गुरुजींना शिवरात्रीच्या आधी अजून तीन लग्नं उरकायची होती, त्यामुळे ते घाईत. “मुलीचं नवं नाव?” त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. वन्संनी मान डोलावली. अभिजीतने अंगठी टेकवली आणि वाट बघत राहिला.

अश्लेषा माझ्याकडे बघत नव्हती. तांदळाकडे बघत होती. चेहऱ्यावर रुसवा नव्हता, रडूही नव्हतं. पुढचं घर काढून दे म्हटल्यासारखी नुसती बसली होती. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आठव्या पानावर आहे.

सव्वा महिना घोकलेलं नाव माझ्या तोंडाशी होतं. मी म्हटलं, “गुरुजी, नवं काही नाही. हिचं नाव अश्लेषा आहे, तेच लिहू दे.”

गुरुजी म्हणाले, असं कसं, पद्धत आहे, काहीतरी लिहावं लागतं. मी म्हटलं, लिहितोय ना तो. अभिजीतला ‘श्ले’ जमेना. अंगठी जाड, तांदूळ मोठे, दोनदा पुसावं लागलं. अश्लेषाने त्याचा हात धरून तिसऱ्यांदा लिहिलं. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी इथे लिहिणार नाही.

वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, तू आपल्या जिवावर उठलीस. मी म्हटलं, बघू. विलास म्हणाले, निदान आधी सांगायचंस. मी म्हटलं, मशीनला सांगावं लागतं, माणसांना दिसतं. हे मला ऐनवेळी कसं सुचलं कोण जाणे, एरवी उत्तरं मला दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना सुचतात.

२५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्र. रस्ते आजपासूनच बंद करताहेत, म्हणून मंडळाचं काम सकाळीच उरकलं.

रविवारी सभा झाली. सूचना सात दिवस आधी दिलेली. बायका इतक्या आल्या की समितीचे सभासद मागे उभे राहिले. अण्णांनी नाकावर चष्मा ठेवून ठराव वाचला: मूळ नावं पूर्ववत करावीत, सासरचं नाव ज्यांना हवं त्यांनी शेजारी लिहावं. हात वर झाले, विलासचाही. काल दिवसभर मी वही वाचली, अश्लेषाने टाइप केलं. आता ती मला आई म्हणते. डिस्कवर चढवल्यावर तिने लगेच मशीनला सांगितलं. या वेळी विसरली नाही.

आज विलासनी इतिवृत्त लिहून आणलं. त्यात असं आहे की कार्यवाहांच्या मनात मूळ नावांच्या जतनाचा विचार प्रथमपासून होता आणि शताब्दी सोहळ्यातील प्रात्यक्षिक हे त्याचेच फलित होय. अश्लेषाने वाचलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली, खांदे हलत होते. मी एक शब्द बदलला नाही. त्यांनाही काहीतरी राहायला हवं.

खाली अनुमोदक म्हणून महिला शाखेची सही लागते, ती माझी. मी केली. विलासनी कागद उचलला, सही बघितली आणि सवयीने म्हणाले, “हे चालणार नाही. या नावाची कुणी आपल्या नोंदीत नाही.”

“मशीनमध्ये बघा,” मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. अर्धा सेकंद लागला.